गळक्या नळाला दोन प्रश्न

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, की आपल्या घरांमध्ये सहसा तीन उपाय होतात. पहिला उपाय म्हणजे नळ आणखी जोरात पिळणं. दुसरा, त्याच्या तोंडाला फडक्याची चिंधी बांधणं. म्हणजे थेंब चिंधीवरून मुकाट ओघळतो आणि रात्री टपटप ऐकू येत नाही. आणि तिसरा, खाली पातेलं लावून ते पाणी सकाळी कुंडीतल्या तुळशीला घालणं. तिन्ही उपायांनी घरात शांतता नांदते. नळ मात्र गळतच राहतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते. नळ नीट बंद कुणी केला नाही, याची चौकशी सुरू होते. संशय बहुधा मुलांवर जातो, नाहीतर भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर. त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवसापासून अंगातला सगळा जोर लावून नळ बंद करू लागतात. परिणाम असा होतो, की काही दिवसांतच नळ पूर्वीपेक्षा जास्त गळू लागतो. मग पुन्हा बोलणी बसतात ती त्यांनाच. खरं म्हणजे नळ गळतो तेव्हा दोष बहुतेक वेळा एखाद्या रबरी चकतीचा असतो. ती चकती काही रुपयांना मिळते. पण तिच्यापायी घरात जे बोललं जातं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तेव्हा आजच्या बोलण्याचा विषय हा, की गळणाऱ्या नळाला हात लावण्याआधी त्याच्याकडे बघायचं कसं. डॉक्टरांकडे गेलो, की ते आधी विचारतात, कधी दुखतं आणि कुठे दुखतं. नळालाही हेच दोन प्रश्न विचारायचे. कधी गळतोस आणि कुठून गळतोस? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की निम्म्याहून अधिक दुरुस्ती झाली असं समजायला हरकत नाही. हत्यारं लागतात ती नंतर.

आधी थोडा हिशेब करू. गळती किती आहे हे अंदाजानं सांगता येत नाही, कारण थेंब लहान-मोठे असतात. पण मोजणं अगदी सोपं आहे. नळाखाली एक भांडं ठेवा आणि घड्याळ लावून बरोबर एक तासानं त्यातलं पाणी मापून बघा. समजा एक पेला, म्हणजे पाव लिटर पाणी जमलं. पाव लिटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण चोवीस तासांत ते ६ लिटर झालं आणि वर्षभरात २,१९० लिटर. वीस लिटरच्या बादल्या धरल्या तर शंभराहून जास्त बादल्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप धरलं. म्हणजे आपला हा एक नळ नऊ दिवसांत खेड्यातल्या एका माणसाचं एका दिवसाचं पाणी गटारात सोडतो. चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत असे दहा नळ असतील, तर रोज साठ लिटर. तेही पंप चालवून, विजेचं बिल भरून गच्चीवर चढवलेलं पाणी!

हे सगळं ठाऊक असूनही नळ महिनोन्‌महिने गळत राहतो. याचं कारण आळस एवढंच नाही. एका वायसरसाठी प्लंबरला बोलावणं आपल्याला जड जातं आणि एवढ्याशा कामासाठी दोन जिने चढून येणं त्यालाही परवडत नाही. त्याचा निम्मा दिवस जातो आणि हातात काही पडत नाही. या अडचणीवर मीरा रोडला एका लेखकानं उपाय शोधला. ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’मुळे जुन्या वाचकांना परिचित असलेले चित्रकार-लेखक आबिद सुरती यांनी २००७ साली ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ नावाचं काम सुरू केलं. रविवारी सकाळी बरोबर एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका घ्यायची, एक इमारत निवडायची, घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या कामाबद्दल जी माहिती प्रसिद्ध झाली आहे, तीनुसार पहिल्या वर्षात १,६६६ घरांना भेटी देऊन ४१४ नळ दुरुस्त झाले. लोकांना पाण्याची कदर नव्हती असं यातून दिसत नाही. दुरुस्ती दारापर्यंत आल्याबरोबर त्यांनी ती करून घेतली, असंच दिसतं. सगळ्यांच्याच दारी असे सुरती येणार नाहीत. म्हणून थोडं आपण शिकून घ्यायचं.

आता नळाच्या पोटात काय असतं ते पाहू. फिरवून बंद करायचा जो साधा नळ आपण लहानपणापासून बघतो, त्याची रचना पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या ‘गेस्ट अँड क्राइम्स’ या पितळी सामान ओतणाऱ्या कारखान्यानं १८४५ साली तिचं पेटंट घेतलं. मूठ फिरवली, की आतली आट्यांची दांडी, म्हणजे स्पिंडल, खाली उतरते. दांडीच्या टोकाला रबरी चकती असते. तिलाच आपण वायसर म्हणतो. ही चकती पाणी येण्याच्या भोकाच्या कडेवर जाऊन बसते आणि पाणी अडतं. त्या कडेला कारागीर ‘सीट’ म्हणतात. एवढीच सगळी यंत्रणा.

पाणी अडवायला जोर किती लागतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. टाकी जितकी उंच, तितका नळावर दाब जास्त. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. सात मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून वीसेक मीटर उंच असते, म्हणजे दाब झाला दोन किलो. सीटचं भोक जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे तळमजल्याच्या नळालाही थोपवायचा असतो तो दोन-सव्वादोन किलोचा धक्का! आणि आपल्या हातात आहेत आटे, जे बोटांचा जोर कित्येक पटींनी वाढवून खाली पोचवतात. चकती धड असेल, तर दोन बोटांनी नळ बंद व्हायला हवा. होत नसेल, तर तो आणखी जोर मागत नाही, नवी चकती मागतो. जोर केला तर आधीच झिजलेल्या रबरात खोल चर पडतो. पुढे रबर संपून धातूवर धातू घासला, की सीटच कापली जाते. म्हणजे काही रुपयांचं दुखणं अख्ख्या नळावर जातं.

आता पहिला प्रश्न, कधी गळतो? याची उत्तरं तीन.

नळ बंद असताना गळतो आणि उघडल्यावर बाकी काही तक्रार नाही, तर दोष आत आहे, पाणी अडवण्याच्या जागी. थेंब तोंडातूनच पडणार. मात्र इथे एक खुलासा केला पाहिजे. उंच, वाकड्या मानेच्या नळात बंद केल्यानंतरही थोडं पाणी मानेत उरतं आणि मिनिटभर ठिबकतं. ती गळती नव्हे. दहा मिनिटं थांबून मगच ठरवा.

नळ उघडल्यावरच गळतो आणि बंद केला की सगळं कोरडं, तर पाणी अडवण्याची जागा ठीक आहे. पाणी त्या जागेच्या पुढे गेल्यानंतर कुठेतरी वाट काढतं आहे. ही जागा मुठीखाली असते, किंवा फिरणाऱ्या मानेच्या बुडाशी.

आणि नळ उघडा असो वा बंद, दिवसरात्र गळतो, तर गळती नळाच्या अलीकडच्या बाजूला आहे, जिथे पाण्याचा दाब कधीच जात नाही. म्हणजे भिंतीतल्या आट्यांच्या जोडाशी, ओट्याखालच्या जोडनळीशी किंवा अँगल कॉकपाशी.

आणखी एक प्रकार आपल्याकडे हमखास दिसतो. काही नळ ठरावीक वेळीच गळतात, म्हणजे पहाटे नगरपालिकेचं पाणी येतं तेव्हा, किंवा गच्चीची टाकी नुकती भरते तेव्हा. यात गूढ काही नाही. चकती झिजत आली आहे. कमी दाबाला ती पुरी पडते, दाब वाढला की हरते. असा नळ म्हणजे आगाऊ मिळालेली सूचना समजावी.

दुसरा प्रश्न, कुठून गळतो? इथे डोळे फसवतात. पाणी धातूच्या अंगावरून ओघळत खालच्या टोकाशी जमतं आणि तिथून थेंब पडतो. म्हणजे थेंब पडतो ती जागा वेगळी आणि पाणी निघतं ती वेगळी. म्हणून आधी सगळा नळ कोरड्या फडक्यानं खडखडीत पुसा. जोडाच्या आट्यांत पाणी धरून राहतं, तिथे कागदाच्या कपट्यानं टिपा. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची एक पट्टी घ्या आणि वरून खाली एकेका जोडाला टेकवत या. जो जोड पहिल्यांदा पट्टी भिजवेल, तो आपला. ओट्याखाली तर रात्री कपाटात जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवावं. सकाळी त्यावर डाग कुठे पडला आहे ते बघून वर नजर टाकली, की जागा सापडते.

ओट्याखाली आणखी एक फसगत होऊ शकते. पाणी नळाचं नसून सिंकच्या निचऱ्याचं असतं. त्याची परीक्षा सोपी आहे. सिंकच्या भोकाला बूच लावून ते अर्धं भरा आणि मग एकदम सोडा. तेव्हाच खाली ओल आली, तर नळ निर्दोष आहे आणि निचऱ्याच्या पाइपचा जोड ढिला आहे. शिवाय पाणी शुद्ध करायचा फिल्टर बसवलेला असेल, तर त्याची बारीक नळी जिथे जोडली आहे तो सांधा विसरू नका. पावसाळ्यात दमट हवेत थंड पाण्याच्या पाइपला बाहेरून दंवही धरतं. ते पाइपभर सारखं असतं, एका ठिकाणाहून येत नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष काम. पण त्याआधी तीन गोष्टी. ओट्याखालचा अँगल कॉक बंद करा. तो नसेल तर घराचा मुख्य कॉक. मिक्सरचा नळ असेल, तर गरम आणि थंड दोन्ही बाजूंचे कॉक बंद हवेत आणि गीझरचं बटणही. ओट्याखाली फिल्टरची वीजजोडणी असेल तर तीही बंद. मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. आणि सिंकच्या भोकात एक फडकं कोंबून ठेवा. नाहीतर छोटा स्क्रू हातातून सुटतो आणि थेट पाइपात जातो.

नळ तोंडातून गळत असेल आणि तो अनेक वेढे फिरवून बंद होणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर वायसर बदलायचा. मुठीवरचं रंगीत बटण नखानं उचकटलं, की खाली स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर ओढा. खाली षट्‌कोनी डोकं दिसेल. त्यावर फडकं गुंडाळा, म्हणजे मुलाम्याला ओरखडे येत नाहीत, आणि मग पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. दुसऱ्या हातानं नळाचं धड घट्ट धरून ठेवा, म्हणजे भिंतीतल्या जोडावर ताण येत नाही. स्पिंडल बाहेर आली, की टोकाची चकती बघा. तिच्यावर गोल चर पडलेला दिसेल, किंवा रबर कडक होऊन तडकलेलं असेल. हीच चकती नमुना म्हणून दुकानात न्या. घरगुती नळ सहसा अर्धा इंची असतो, तरी चकत्यांच्या जाडीत आणि भोकात फरक असतो. नमुना हातात असला की वाद नको.

नवी चकती बसवण्याआधी नळाच्या पोटात बोट घालून सीटची कड चाचपा. ती गुळगुळीत लागली पाहिजे. बोटाला खाच लागली, तर नवी चकतीही फार दिवस टिकणार नाही. सीट घासून सपाट करायचं हत्यार प्लंबरकडे असतं, नाहीतर नळ बदलणं बरं. स्पिंडल परत बसवताना ती उघड्या स्थितीत ठेवा, म्हणजे आवळताना चकती चिरडत नाही. आणि रबराला गोडं तेल लावू नका. तेलानं रबर फुगतं.

पण अलीकडच्या बऱ्याच घरांत पाव वेढ्यात उघड-बंद होणारे नळ असतात. त्यांच्यात वायसर शोधत बसू नका. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांची भोकं समोरासमोर आली की पाणी येतं, नाहीतर नाही. या चकत्या झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल, पण वाळूच्या एका कणानं त्यांच्यावर ओरखडा उठतो आणि क्षाराच्या पाण्यानं त्यांच्यावर पुटं चढतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. अशा वेळी आतला सगळा गाभाच बदलायचा. तोही जुना नमुना नेऊनच, कारण त्याच्या डोक्यावरच्या दात्यांची संख्या जुळली नाही तर मूठ बसत नाही. एकाच दांडीनं गरम-थंड करणाऱ्या मिक्सरचा गाभा साधारणपणे ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचा असतो. नवा गाभा बसवण्याआधी कॉक क्षणभर उघडून थोडं पाणी वाहू द्या, म्हणजे कचरा निघून जातो.

मुठीखालून पाणी येत असेल, तर दोष ग्लँडचा. स्पिंडल जिथून बाहेर येते, तिथे तिच्याभोवती एक भरण असतं आणि ते दाबून धरणारा छोटा नट असतो. तो नट अगदी थोडा, वेढ्याचा आठवा भाग आवळून बघा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. फार आवळलात तर नळ फिरवायलाच जड होईल. तेवढ्यानं थांबलं नाही, तर नट काढून टेफ्लॉनची पट्टी दोऱ्यासारखी पिळून स्पिंडलभोवती दोन-तीन वेढे द्या आणि नट पुन्हा बसवा. फिरणाऱ्या मानेच्या बुडाशी गळत असेल, तर तिथली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बदलायची. आणि तोंडाशी पाण्याची धार वेडीवाकडी उडत असेल, तर ती गळती नसून जाळीत क्षार साठले आहेत. जाळी काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवा आणि जुन्या दातघासणीनं घासा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र वापरू नका. त्यानं नळावरचा मुलामाच उडतो.

आता भिंतीशी होणारी गळती. हे काम जरा जोखमीचं. भिंतीतल्या पाइपच्या आट्यांत नळाचे आटे बसतात आणि त्यांच्यामधली फट कशानं तरी भरावी लागते. पूर्वी सूत किंवा ताग गुंडाळून त्यावर सफेदा लावत. जुना सफेदा म्हणजे शिशाचं संयुग. पिण्याच्या पाण्याच्या नळाला ते नको. आता टेफ्लॉनची पांढरी पट्टी असते. हे टेफ्लॉनही योगायोगानंच हाती लागलं. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रीजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते. ६ एप्रिल १९३८ रोजी त्यांच्या एका सिलिंडरमधून वायू येईना. सिलिंडर कापून पाहिला, तर आत पांढरी, निसरडी भुकटी! तीच पुढे आपल्या तव्यावर आली आणि नळाच्या आट्यांवरही.

ही पट्टी गुंडाळायची एक दिशा आहे. आट्यांचं टोक आपल्याकडे करून नळ धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताणून, आठ-दहा वेढे द्या. उलट गुंडाळली, तर नळ बसवताना ती सुटत जाते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे पट्टीचे तुकडे पाण्यात जात नाहीत. नळ बसवताना तो सरळ उभा राहील अशा बेतानं थांबा. थोडा पुढे गेला म्हणून मागे फिरवला, की पट्टी फाटते आणि जोड पुन्हा गळतो. तसं झालं तर नळ काढून, जुनी पट्टी खरवडून, नव्यानं गुंडाळणं भाग आहे. त्यात कमीपणा मानू नये.

मात्र घर जुनं असेल आणि भिंतीत लोखंडी पाइप असेल, तर इथे थांबा. गंजलेला पाइप बाहेरून दिसतो तसा आतून असत नाही. नळ पिळताना आतला एल्बोच तुटला, तर भिंत फोडावी लागते. नव्या घरांतल्या प्लॅस्टिकच्या पाइपांनाही फार जोर सोसत नाही. नळ सहज सुटत नसेल, तर प्लंबरला बोलवा.

ओट्याखालच्या लवचीक जोडनळीची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे आणि इथे बरीच जणं घोटाळा करतात. या नळीच्या नटाच्या आत एक रबरी चकती असते. पाणी ती चकती अडवते. आटे फक्त तिला दाबून धरतात. त्यामुळे त्या आट्यांवर कितीही टेफ्लॉन गुंडाळलं तरी उपयोग नाही. उलट पट्टीमुळे नट पुरता बसत नाही आणि चकती दाबली जात नाही. नट सोडा, चकती जागेवर आहे का, फाटली आहे का ते बघा, गरज असली तर बदला, नट हातानं बसवा आणि मग पान्यानं फक्त पाव वेढा. नळीच्या जाळीवर गंजाचे डाग दिसत असतील, तार तुटलेली असेल, तर चकतीवर भागवू नका, नळीच बदला. गळका नळ थेंबाथेंबानं त्रास देतो. जोडनळी फुटली तर घरात कुणी नसताना ओट्याखालून पाणी दिवाणखान्यापर्यंत जातं आणि तिथून खालच्यांच्या छतात.

म्हणून शेवटी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. गॅसचं बटण कुठे आहे आणि ते कसं बंद करायचं, हे आपण घरात सगळ्यांना सांगितलेलं असतं. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, हे किती जणांना माहीत असतं? दुपारी घरी एकट्या असणाऱ्या आजींना, शाळेतून येऊन कुलूप उघडणाऱ्या मुलीला, कामाला येणाऱ्या मावशींना तो दाखवून ठेवा. आणि वर्षातून दोनदा तो फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षारांनी जागीच बसतो आणि नेमका गरजेच्या वेळी हलत नाही. सोसायटीत तो गच्चीवर असेल, तर आपल्या घराचा कोणता ते रंगानं लिहून ठेवा, म्हणजे घाईत शेजाऱ्यांचं पाणी बंद होत नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आम्हाला पाना हातात धरायचाच नाही. हरकत नाही. पण दोन प्रश्नांची उत्तरं तरी काढून ठेवा. प्लंबरला फोनवर नुसतं नळ गळतोय असं सांगितलं, तर तो आधी बघायला येतो, मग सामान आणायला जातो आणि मग उगवतो तो परवा. त्याऐवजी सांगा, की अर्धा इंची पितळी नळ आहे, पाव वेढ्याचा आहे, बंद असताना तोंडातून गळतो, भिंतीशी कोरडा आहे. तो योग्य सामान पिशवीत घालूनच येईल. त्याचाही एक खेप वाचेल आणि तुमचेही पैसे. नवा नळ घ्यायची वेळ आली, तर साध्या पितळी नळांसाठी भारतीय मानक क्रमांक ७८१ आहे. त्याचा आयएसआय शिक्का बघून घ्या. चकचकीत मुलाम्याखाली काय आहे, ते आपल्याला दिसत नाही.

आणि घरात आजपासून एक नियम करा. नळ दोन बोटांनी बंद करायचा. दोन बोटांनी बंद झाला नाही, तर कुणावर रागवायचं नाही आणि तिसरं बोटही लावायचं नाही. कोरडं फडकं घ्यायचं, नळ पुसायचा आणि त्यालाच विचारायचं, बाबा रे, कधी गळतोस आणि कुठून?